चाळीस झाले की घरी

यातलं काही मनचं घातलेलं नाही. ज्या माणसाच्या घरात हे घडलं, तो अजून त्याच घरात राहतो. रोज सकाळी पान्यांची पिशवी खांद्याला अडकवतो आणि लोकांचे गळके नळ दुरुस्त करायला जातो. भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसायची त्याला सवड नाही, आणि हौस तर त्याहून नाही.

तो प्लंबर आहे. सगळे त्याला प्लंबरच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

औषधाचा खोका आला, त्या दुपारपासून सुरुवात करावी लागेल.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर प्लंबर बसला होता. लिफ्टमधून एक माणूस थर्माकोलचा पांढरा खोका छातीशी धरून बाहेर आला. खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी. आत बर्फात ठेवलेलं, सापाच्या विषावरचं औषध. दोन विमानं बदलून आलेलं.

सगळे त्याचीच वाट बघत होते. प्लंबर उठून उभा राहिला.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. मग प्लंबरकडे. मग पुन्हा खोक्याकडे...

आणि त्या बाकावर बसल्या.

डॉक्टर लोक बाकावर बसत नाहीत. उभ्या उभ्या सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. त्या बसल्या, तेव्हाच त्याला कळलं.

"विष उतरत होतं हो," त्या म्हणाल्या. "खरंच उतरत होतं. पण फुप्फुसात जंतू शिरले. ते नाही आवरले."

खोकेवाला सही घ्यायला तसाच उभा होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सही केली.

प्लंबरची बायको परदेशी रोपांच्या शेडमध्ये कामाला होती. खोक्यांमधून ओल्या शेवाळात गुंडाळलेली रोपं यायची. ती सोडवायची, कुंडीत लावायची, रांगेत मांडायची. ती कुंड्या मोठ्याने मोजायची. कुणाची रांग चुकली की ओरडायची. त्यामुळे शेडमध्ये तिचं नाव पडलं होतं 'मास्तरीण'. मोजताना बोटातली अंगठी कुंडीवर वाजवायची. टिक... टिक... टिक.

त्या सकाळी तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. तिथे दिवसाला दहा काटे टोचायचे. तिने बोट चोखलं आणि पुढचं रोप उचललं.

दुखलं नाही. सुजलं नाही. रक्तही आलं नाही.

दुपारी तिच्या पापण्या जड झाल्या.

"काय गं मास्तरीण, प्लंबरने रात्रभर झोपू दिलं नाही वाटतं?" शेजारची म्हणाली.

"त्याला घोरण्यातून सवड मिळायला नको का!" ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग ती म्हणाली, "अगं, मला तू दोन दोन दिसतेयस."

"अरे देवा. माझ्या सासूला एक झेपत नाही, दोन कुठे ठेवणार?"

यावरही हसल्या. पण मास्तरीण हसली नाही. तिला हसता येईना. गालच हलेनात.

हॉस्पिटलात आधी सगळ्यांना अर्धांगवायू वाटला. डॉक्टरीणबाईंनी मात्र तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. कपाळाला आठ्या घालून ती पापण्या वर ओढायचा प्रयत्न करत होती. दोन्ही पापण्या सारख्याच पडलेल्या. अर्धांगात एक बाजू जाते. हिची कुठलीच बाजू गेली नव्हती आणि दोन्ही चालल्या होत्या.

"आज काही चावलं? टोचलं?"

"काटा," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिथूनच शेडमध्ये फोन लावला. बायकांनी सगळी खोकी अंगणात उलटी केली. शेवाळात एक साप निघाला. करंगळीएवढा जाड, राखाडी, अंगावर फिकट कडी. कुणी पाहिलेला नव्हता. फोटो कुठे कुठे पाठवले, तेव्हा लांबच्या एका जाणकाराने ओळखला. त्याच्या स्वतःच्या देशातही तो क्वचितच सापडतो म्हणे.

"आमच्याकडचं औषध आपल्याकडच्या सापांचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या विषाला ते ओळखणारच नाही. याचं मागवलंय. तोवर हिचा श्वास सांभाळायचा."

त्यांनी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने पापण्या हळूहळू उघडल्या. मास्तरणीने नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"दाढी कर," ती म्हणाली.

मग पापण्या पुन्हा खाली आल्या.

श्वास किती उरलाय ते बघायची एक साधी पद्धत असते. पेशंटने मोठा श्वास घ्यायचा आणि एका श्वासात मोजायचं. धडधाकट माणूस चाळीसपर्यंत जातो. विष चढलं की आकडा उतरतो.

मास्तरीण पहिल्यांदा तेहेतीसपर्यंत गेली. पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवत. टिक... टिक...

मग सत्तावीस.

मग एकोणीस. तिथे अडकली, तेव्हा तिची धाकटी बहीण शेजारून पटकन म्हणाली, "वीस!" आणि मास्तरीण कसंबसं "एकवीस" म्हणाली.

डॉक्टरीणबाई खवळल्या. "तुम्ही मोजू नका! मदत केलेला आकडा खोटा असतो. आता पुन्हा पहिल्यापासून."

पहिल्यापासून मोजलं, तेव्हा ती अकरावर थांबली.

मग नळी घातली. मशीन लावलं. बोटं सुजायच्या आधी नर्सने अंगठी काढून कागदात गुंडाळून प्लंबरच्या हातात दिली.

आता ती पूर्ण निपचित होती. पापणी नाही, बोट नाही, काही नाही.

"बघणाऱ्याला वाटेल, संपलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसं नसतं. ती जागी आहे. तिला सगळं ऐकू येतंय. बोलत राहा."

प्लंबरला बोलायची सवय नव्हती. घरातलं बोलणं तीच करायची. तो रोज खुर्ची ओढून बसायचा आणि काय बोलावं ते न सुचून म्हणायचा, "चाळीस कर. चाळीस झाले की घरी. दार उघडंच ठेवतो. कडी लावणार नाही."

एके दिवशी तो हे म्हणत असताना तिच्या पायाचा अंगठा हलला.

डॉक्टरीणबाईंनाही दिसला. त्यांनी खाली वाकून विचारलं, "ऐकू येत असेल तर पुन्हा हलवा."

पुन्हा हलला.

"उतरतंय," त्या म्हणाल्या. तेव्हा त्या हसल्या होत्या.

त्यानंतर औषधाचा खोका आला. तो दिवस तुम्हाला सांगितलाच आहे.

सगळं उरकलं. पाहुणे आले, गेले. प्लंबर कामाला लागला. न लागून करतो काय? लोकांचे नळ गळायचे थांबत नाहीत.

दमायला मात्र व्हायचं. जिना चढला की दम, पाना फिरवला की दम. घरी येऊन बूट काढायचाही कंटाळा. कडी तो लावत नव्हता. तसं म्हटलं होतं म्हणून नाही. तेवढा हात उचलायचंही जिवावर यायचं, म्हणून.

एका सुट्टीच्या दुपारी तो पलंगावर आपल्या बाजूला पडला होता. तिच्या बाजूची चादर तिने घातलेली होती तशीच होती.

पायाकडची चादर... जराशी हलली.

पंखा असेल. त्याने उठून पंखा बंद केला. खिडकी लावली. पुन्हा आडवा झाला.

चादर पुन्हा हलली.

एकाच जागी. अंगठ्याएवढी उंच होऊन... खाली बसली.

तो बघत राहिला. घाम फुटला, पण उठून पळायचं त्राण नव्हतं. थोड्या वेळाने तो चक्क झोपला. माणूस इतकाही दमलेला असू शकतो.

मग आवाज सुरू झाला.

तो दाढी करत होता. न्हाणीघरात, भिंतीमागच्या पाइपातून... टिक... टिक... टिक.

पाइपाचे आवाज त्याला पाठ आहेत. हवा अडकली की पाइप खोकतो, पाणी तापलं की कडकडतो, वायसर झिजला की कुरकुरतो. हा यातला नव्हता.

त्याने मेन कॉक बंद केला. नळ उघडून पाइप रिकामा केला. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉकही बंद केला. परत आला, तोंडावर फेस तसाच.

रिकाम्या पाइपातून कुणीतरी म्हणालं...

"एक... दोन... तीन..."

आवाज घोगरा. नळीतून यावा तसा. पण मोजायची ती पद्धत, प्रत्येक आकड्याला ती टिक...

"दहा... अकरा..."

अकरावर थांबणार हे त्याला ठाऊक होतं.

"बारा."

आणि मग शांत.

वस्तरा बेसिनमध्ये पडला. तो धावत कपाटाकडे गेला. अंगठी होती. कागदात गुंडाळलेली, नर्सने दिली होती तशी.

त्याने कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? लोक आधीच म्हणत होते, प्लंबर खचलाय.

दर थोड्या दिवसांनी मोजणी यायची. सकाळी, दुपारी, कधीही. आकडा पुढे सरकायचा. चौदा. सतरा. आवाज स्वच्छ होत चालला होता.

त्याला भीती वाटायची. आणि आकडा वाढला की बरंही वाटायचं. दोन्ही एकदमच.

मेहुणी, म्हणजे तीच धाकटी, बहिणीचे कपडे आवरायला आली. तोंडाने फटकळ, हाताने चलाख.

"भाऊजी, हे काय घर आहे? चहाच्या भांड्यात पाना ठेवलाय!"

"धुतलेला आहे."

"पाना की भांडं?"

तो किती तरी दिवसांनी हसला. धाकटी कपाट उपसत बसली. ताईचा गडद निळा स्वेटर तिने उचलला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली.

तेवढ्यात...

टिक.

धाकटीचा हात थांबला.

"एक... दोन... तीन..."

ती प्लंबरकडे बघू लागली. त्याने फक्त मान हलवली. हो. मलाही ऐकू येतंय.

स्वेटर छातीशी धरून ती ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी. आवाज सावकाश चढत होता. वीस... एकवीस... मग अडखळला. श्वास ओढल्यासारखा आवाज आला. लांब, कष्टाचा...

"बावीस!" धाकटी ओरडली. "ताई, बावीस! म्हण ना!"

"सांगू नकोस!" प्लंबर उठलाच.

उशीर झाला होता.

टिकटिक थांबली. नुसती थांबली नाही. घरातले सगळेच आवाज गेले. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. बाहेर कुणी स्कूटर चालू करत होतं, तीही मुकी. काही क्षणांनी आवाज परत आले. ती मात्र आली नाही.

"मी काय केलं?" धाकटी म्हणाली. "मी तर मदत..."

"मदत केलेला आकडा धरत नाहीत," प्लंबर म्हणाला आणि खाली बसला. "आता पुन्हा पहिल्यापासून."

तसंच झालं. बरेच दिवस काही नाही. मग एका पहाटे, पाइपातून, तोच जुना घोगरा आवाज. आणि तो बारावर थांबला.

हॉस्पिटलच्या वॉर्डातला नळ गळत होता, म्हणून प्लंबरला बोलावणं आलं. काम झाल्यावर तो डॉक्टरीणबाईंच्या दाराशी घुटमळला.

"बसा," त्या म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

"विचारायचं होतं. विष उतरताना... आधी काय परत येतं?"

"आता कशाला त्रास करून घेता?"

"सहजच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हातापायांची बोटं. मग पापण्या. मग मान. पेशंटने उशीवरून मान उचलून धरली की आम्ही म्हणतो, जिंकलो. श्वास बरोबरीने भरत जातो. आकडा वाढतो. चाळीस झाले की घरी."

"आणि त्यांना आठवतं? निपचित असताना ऐकलेलं?"

"शब्द न् शब्द," त्या म्हणाल्या. मग पेन पुन्हा उचलून, "तो खोका अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे. रोज दार उघडलं की समोर दिसतो."

प्लंबर उठला. दारात गेल्यावर त्याने विचारलं, "बाई, चाळीसच्या आधी कुणी घरी गेलंय?"

"मी नाही सोडत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तो उशीकडे बघू लागला.

तिच्या उशीला मधोमध खळगा होता. डोकं टेकून पडेल तेवढा. तो रोज उशी थोपटून सारखी करायचा. कामावरून आला की खळगा परत असायचा.

एक दिवस तो घरी आला आणि खळगा नव्हता.

उशी फुगलेली. सपाट. कुणी मान उचलून धरल्यासारखी...

तो बघत उभा राहिला. अगदी हळू खळगा पडला. मग भरला. मग पुन्हा पडला.

"जमलं गं," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशीपासून उशी तशीच राहिली. चादरही हलेना. पलंग रिकामा झाला होता. खरोखरचा रिकामा. आणि खरं सांगायचं तर, त्याला त्या रात्री पहिल्यांदा त्या घरात एकटं वाटलं.

पुढची मोजणी पाइपातून आली नाही.

संध्याकाळ होती. तो नुकताच बूट काढत होता. टिकटिक आली ती दारातून. बाहेरून. दाराच्या लोखंडी कडीवर अंगठी वाजावी तशी.

"एक... दोन... तीन..."

आता आवाज अगदी तिचा. शेडमध्ये कुंड्या मोजायची तसा. तीस सहज ओलांडले. एकतीस, बत्तीस...

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. कधीच नसायची.

चौतीसवर आवाज थांबला. दाराबाहेर कुणीतरी धाप लागल्यासारखं श्वास घेत होतं.

प्लंबर उठला. आणि त्याच्या हाताने, त्याला न विचारता, आतून कडी लावली.

बाहेरचा श्वास थांबला. ऐकला असावा तिने तो आवाज. कडीचा आवाज ती बरोबर ओळखायची.

त्याने धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं.

"मग उघडा ना, भाऊजी! तुम्ही शब्द दिलाय तिला. ताई आहे ती, साप नाही."

"ताईच आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"आवाज तिचाच आहे म्हणता ना?"

"शेवटी तिच्यात आवाज उरलाच नव्हता, धाकटे. मी होतो तिथे. आपणच तिला पोचवून आलो. मग बाहेर जी मोजतेय, ती कुठून आली?"

धाकटी हळू म्हणाली, "आणि ताईच असली तर? इतकं मोजत मोजत आली, आणि दार बंद?"

त्याने फोन ठेवला.

धाकटीने त्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. शेजारी म्हणाले, घर बदल. तो कुठेही गेला नाही. दुसऱ्या घराचा पत्ता तिला कसा कळेल, असं त्याच्या मनात येतं आणि त्या विचारानेच अंगावर काटा येतो.

कडी तो लावतो. मग उठून काढतो. मग पुन्हा लावतो. कधी कधी सकाळी बघतो तर कडी निघालेली असते, आणि रात्री शेवटचं काय केलं होतं ते त्याला आठवत नाही.

परवा संध्याकाळी मोजणी पुन्हा आली. तो दाराला कान लावून उभा होता. हात कडीवर. कडी थंडगार. पस्तीस... छत्तीस... तिला कष्ट पडत होते. सदतीस. तो ओठ घट्ट मिटून उभा राहिला. चुकून पुढचा आकडा सांगितला तर बिचारीला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. अडतीस.

लांब... खूप लांब श्वास...

"एकोणचाळीस."

मग काही नाही. त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. पायपुसण्यावर मात्र ओल्या शेवाळाचा एक हिरवा तुकडा पडला होता. तो त्याने उचललेला नाही.

दाढी तो आता रोज करतो.

चाळीस ऐकू आले तर दार उघडायचं की नाही, हे त्याने अजून ठरवलेलं नाही.